वानगीची मूठ

मंचेरियल

सौ. राहीस, केशवकडून आशीर्वाद. सुखात राहा.

माझा खोकला कमी आहे, काळजी करू नको.

काल स्टेशनावर बाजारहत्नूरचा एक जण भेटला. म्हणे, अडत्या वानगी म्हणून फुकट मूठभर मिरची उचलाले आला, तशी तू टोपल्यावर पदर टाकला, आन् साऱ्या बायांनी तसंच केलं. आता त्याले वानगी बी तोलून घ्या लागते.

मी इतकी वर्षं खाणीत युनियनचा झेंडा धरून राह्यलो, मले कोणी वळखत नाही. तो स्टेशनावरचा माणूस मात्र विचारे, "राहीबाईचे मालक तुमीच काय?" लय जळलो. खोटं काऊन सांगू?

आईचे गुडघे कसे आहेत?

सोमवारी आमची सभा आहे. तू ये, आमच्या लोकाईले सांग. नाही, येऊ नको. काय बोलाचं ते लिहून पाठव, मीच बोलतो.

तुझाच,
केशव