कूलरसमोर ठेवलेलं कार्ड

२ मे २००७, अकोला
दुपारी आम्ही घरी बनवलेलं ग्राफिक्स कार्ड चाललं, संगणकाचं चित्र पडद्यावर आणणारं. स्क्रीनवर तीन पट्ट्या, लाल, हिरवी, निळी. मी आणि सलीमभाई नुसते बघत बसलो. बाजारातल्या ग्राफिक्स कार्डाच्या पोटात काय आहे ते कंपन्या सांगत नाहीत. आपल्या कार्डात झाकपाक नाही. चिपच्या आतली जोडणी हवी तशी पुन्हा बांधता येते, तिचा नकाशा नेटवर, कोणीही घ्या. सलीमभाईंना (अमरावती, टीव्ही दुरुस्ती) त्याचं काही नाही. चिपचे दोनशे आठ पाय त्यांनी भिंगाखाली हाताने जोडले, त्याचा अभिमान. रास्तच आहे.

३ मे
लोडशेडिंग. लाइट गेली की चिप सगळं विसरते, नकाशा पुन्हा पहिल्यापासून भरा. वर तापते इतकी की बोट टेकवत नाही.

५ मे
अक्कल गहाण टाकली. परीक्षेची ड्यूटी होती, कार्ड चालूच ठेवून कूलरसमोर मांडून गेलो. नळ आठ दिवस कोरडा, कूलरमध्ये बोअरचं खारं पाणी, वाऱ्याबरोबर त्याचे तुषार उडतात. पेपरला तीन मुलं गैरहजर. गावाकडून कोणी शेतकऱ्याने विष घेतल्याची बातमी आली असेल, आता कोणी विचारतही नाही. पाचला घरी आलो तर कार्ड मेलेलं. चिपच्या पायांमध्ये मिठाची पांढरी खपली, शॉर्ट. एकच चिप होती, मेलिंग लिस्टवरच्या (कार्ड बनवणाऱ्यांचा ईमेल-गट) जर्मन माणसाने पाठवलेली.

६ मे
सलीमभाई यायच्या आत ब्रश आणि स्पिरिटने मीठ साफ केलं. का केलं, माहीत नाही. माहीत आहे. त्यांनी तासभर भिंगातून पाहिलं.
"सर, माह्याच हातानं गेलं हे. टाका सुटला असंन कुठं. डोये पयलेसारखे नाई राह्यले."
मी चहा टाकायला आत गेलो.

९ मे
लिस्टवर सगळं लिहिलं. कूलर, मीठ, चूक माझी. जर्मन म्हणतो, होतं असं, दुसरी पाठवतो. कोणी रागावलं नाही. सलीमभाईंना इंग्रजी येत नाही. स्वतःची किळस येते.

१४ मे, अमरावती
सांगायलाच गेलो होतो. भाभी म्हणाल्या, धड जेवत नाहीत, बारीक कामं परत पाठवतात. सलीमभाई म्हणाले, "नवी चिप आली की दुसऱ्या कोनाले देजा. मी हात नाई लावत आता."
म्हटलं, सलीमभाई, त्या दिवशी... तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावरही मी अर्धा तास तिथेच होतो.

२२ मे
चिप आली. सकाळच्या पॅसेंजरने अमरावतीला निघालो, गाडी बदलायला बडनेऱ्याला उतरलो, परतीच्या गाडीत बसलो. उद्या पुन्हा सुट्टी टाकली आहे, तीच पॅसेंजर.