कानांवर हेडसेट, मानेनं होकार

मंगळवार, ४ मार्च
निर्णय पक्का. वायरलेस हेडसेट घ्यायचा. प्रीमियम. कारण एकच: ऑफिसचं काम. विमा कंपनीत क्लेम तपासणारा माणूस घरून काम करतो तेव्हा त्याला एकाग्रता लागते. मिक्सर, वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन आणि लेकीचं फोनवरचं खिदळणं, यात कुणाच्या अपघाताला न्याय देता येत नाही. बॉक्सवर 'गेमिंग' असं लिहिलेलं असतं, तो कंपनीचा प्रश्न.
लेक (नववीत) म्हणाली, बाबा, ऑफिससाठी हवाय तर ऑफिसवाला घे ना, अर्ध्या किमतीत येतो. व्यवहारज्ञान शून्य. आईवर गेलीय.

शुक्रवार, ७ मार्च
दुकान. विक्रेत्यानं विचारलं, कुठला गेम खेळता सर? मी म्हणालो, मी प्रोफेशनल आहे. म्हणजे विम्यात. त्यानं भलताच अर्थ काढला आणि आतून मॅनेजरला बोलावलं. गैरसमज दूर करणारच होतो, पण तोवर दोघांनी माझ्याबरोबर सेल्फी काढला होता.
साधं मॉडेल कानाला बोचत होतं. मधलं बरं होतं. सगळ्यात महाग कानावर चढवलं आणि दुकानच नाहीसं झालं. रस्ता नाही, पंखा नाही, काही नाही. विक्रेता समोर नुसता ओठ हलवत होता. बहुधा किंमत सांगत होता. घेऊन टाकलं.

सोमवार, १० मार्च
हेडसेटच्या दोन्ही बाजूंना जांभळे दिवे लागतात. बंद होत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन काल दिवसभर खटपट केली. आता ते लुकलुकतात.
व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हे काय? म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय. साहेब एकदम गंभीर झाले. नंतर वेगळा मेसेज आला: काळजी घ्या. फार समजूतदार माणूस.

बुधवार, १२ मार्च
माइक तपासायला एक गेम डाउनलोड केला. फक्त माइक तपासायला. अनोळखी लोकांची टीम असते, एक किल्ला राखायचा असतो. मी 'सेनापती' असं नाव घेतलं. बाकीच्यांची नावं 'झुरळ', 'कडू बदाम' अशी. लोकांना महत्त्वाकांक्षाच नाही.
सेनापती आत शिरल्या शिरल्या मेला. परत मेला. संध्याकाळपर्यंत माइक व्यवस्थित तपासून झाला. उद्या परत तपासावा लागेल.
संकल्प: रोज अर्धा तास. त्यावर एक मिनिट नाही.

शनिवार, १५ मार्च
अर्ध्या तासात मेलेला वेळ धरायचा नाही, असं ठरवलंय. तो खेळ नव्हे, विश्रांती. मी बहुतेक वेळ मेलेलाच असतो, त्यामुळे संकल्प अजून मोडलेला नाही. उलट बराचसा अर्धा तास शिल्लक पडलाय.

रविवार, १६ मार्च
एक शोध. हेडसेटनं संसार सुधारतो. बायको दारात उभी राहून बोलते. मला तिचं एक अक्षर ऐकू येत नाही. मी मान हलवतो. लांबलचक असेल तर अंगठा वर करतो. (पूर्वी अंगठा दाखवला की माणसं भांडायला यायची. आता खूश होतात. काळ बदलतो.) आठवडाभरात एकही वाद नाही! आज तिनं न मागता कॉफी आणून दिली. लग्नाआधी ही साधनं असती तर आमचा साखरपुडासुद्धा शांततेत झाला असता.

बुधवार, १९ मार्च
'झुरळ' आज माइकवर म्हणाला, सेनापतीकाका, तुम्ही किल्ल्यातच थांबा, प्लीज. बाहेर येऊ नका. टीमनं माझी किंमत ओळखली. मोठ्या माणसाला जपतात.
काका कशावरून, ते कळलं नाही. मी आवाज मुद्दाम तरुण ठेवतो.

रविवार, २३ मार्च
ऐन लढाईत बायको आली. हातात कसलंसं पत्र. बराच वेळ बोलत होती, मधे थांबून माझ्याकडे बघत होती. मी एक डोळा किल्ल्यावर ठेवून दणदणीत मान हलवली. दोन्ही अंगठे वर केले. ती जवळ आली, डोक्यावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी! माझी कामातली एकाग्रता बघून भरून आलं असावं.
किल्ला पडला. दोष माझा नाही.

बुधवार, २६ मार्च
माळ्यावरच्या सुटकेसी खाली आल्या आहेत. साफसफाई दिसते. मी विचारलं नाही. विचारलं की झाडू हातात येतो.
सासूबाईंचा फोन. जावईबापू, तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही, म्हणाल्या. गेल्या अठरा वर्षांत या बाईंनी माझ्याबद्दल एवढं लांब वाक्य बोललेलं नाही. मी नम्रपणे म्हणालो, अहो, त्यात काय.

शुक्रवार, २८ मार्च
संध्याकाळी बायकोच्या हॉस्पिटलमधली मंडळी चहाला आली. ती तिथे फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, एवढं मोठं मन कुणाचं असतं हो? मी म्हणालो, कर्तव्यच आहे. टाळ्या झाल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.
पण कर्तव्य कुठलं?
मंडळी गेल्यावर लेकीला गाठलं. सहज आवाजात विचारलं, काय मग, आईचं ते... कुठवर आलं? तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. म्हणाली, "बाबा, तुला माहीतच नाहीये ना?"
मला सगळं माहीत आहे, पण तुझ्या शब्दांत ऐकायचंय, म्हणालो. तिच्या शब्दांत असं: हॉस्पिटलची दुसऱ्या गावी नवी शाखा निघते आहे. तिथला फिजिओथेरपीचा अख्खा विभाग उभा करायला आईला पाठवताहेत. प्रमुख म्हणून. रविवारी निघणार. शाळेमुळे मी इथे, तुझ्याबरोबर.
म्हटलं, हो, हो, हेच. खोलीत येऊन बराच वेळ बसलो. हेडसेट घातला नाही. नुसता हातात धरला होता. लुकलुकत होता.

शनिवार, २९ मार्च
योजना: स्पष्ट बोलायचं. जाऊ नकोस, असं तोंडावर सांगायचं. आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं, उत्तम जमलं.
स्वयंपाकघरात गेलो. कान मोकळे. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बोलत होती. अपघातानंतर पुन्हा चालायला शिकणाऱ्यांसाठी तिथे एक लांब खोली मिळणार आहे, एका बाजूला सगळ्या खिडक्या. भिंतीलगत धरायला दांडे कुठल्या उंचीवर लावायचे, ते ती हातानं हवेत दाखवत होती. मोठ्यांसाठी इथे, मुलांसाठी इथे. वर्षानुवर्षं मी चालू न शकणाऱ्या लोकांच्या फायली तपासतोय. त्यांना कुणी चालवतं, आणि ते कुणी माझ्याच घरात घड्या घालतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.
मी म्हणालो, जाऊ... दांडे जरा घट्ट बसवून घे.
उद्या सांगेन.

रविवार, ३० मार्च
बसस्टँडवर सांगितलं. बॅगा चढवून झाल्यावर. जाऊ नकोस हे नाही, दुसरंच तोंडातून निघालं. म्हणालो, खरं सांगतो, तू विचारलंस तेव्हा मला ऐकूच आलं नव्हतं. एक शब्दही नाही.
वाटलं, भडकेल. ती म्हणाली, "अहो, ते मला माहीत होतं की."
मी म्हणालो, म्हणजे? ती म्हणाली, "दिवे लुकलुकताना बघूनच विचारायला आले. कान उघडे असताना विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. आणि तुम्ही नको म्हणालात की मी थांबते. दोनदा थांबलेय. तुमच्या लक्षातही नसेल."
लक्षात नव्हतं.
पुढे म्हणाली, तेव्हा डोळ्यांत पाणीसुद्धा खरंच आलं होतं. तुम्ही न ऐकताच एवढ्या जोरात मान हलवत होतात, की वाटलं, ऐकलं असतं तरी कदाचित हलवली असती.
कंडक्टरनं घंटा मारली. लेकीनं हात हलवला. मी दोन्ही हलवले.

बुधवार, २ एप्रिल
घर मी सहज चालवतोय. वॉशिंग मशीन म्हणजे काही विमान नव्हे. संकल्प: सगळं वेळच्या वेळी.
नंतर: ऑफिसचे पाचही शर्ट गुलाबी. मीटिंगमध्ये साहेबांनी बघितलं आणि विचारलं नाही. फक्त म्हणाले, रजा हवी असेल तर सांगा.
गेम काढून टाकला. टीमला निरोप दिला. 'झुरळ' म्हणाला, काका, धन्यवाद. इतक्या पटकन म्हणाला की वाईट वाटलं.

रविवार, ६ एप्रिल
आठवडा निभावला. लेक जिवंत, मीही. गणित मांडलं: विभाग उभा करायला फार तर एक वर्ष, म्हणजे असे बावन्न. त्यातला एक संपलासुद्धा. या वेगानं गेलो तर कळणारही नाही.
संध्याकाळी बायकोचा फोन. हेडसेट कपाटात. फोन थेट कानाला लावून, टीव्ही बंद करून, डोळे मिटून ऐकलं. खिडक्यांना पडदे नकोत म्हणून तिनं भांडण केलं. पहिला पेशंट एक ट्रक ड्रायव्हर, दांडा धरून चार पावलं चालला आणि तिच्यावरच ओरडला. मी सगळं ऐकलं. मधेच तिनं विचारलं, मी आत्ता काय म्हणाले? मी शब्दन् शब्द परत सांगितला.
मग म्हणाली, बरं झालं. मग आता एक नीट ऐका. लेकीनं तुम्हाला मुदत सांगितली नसणार.
मी म्हणालो, एक वर्ष ना?
"दोन," ती म्हणाली. "तेही विचारलं होतं. दुसरा अंगठा तुम्ही तेव्हाच वर केलात. ऐकू येतंय ना?"
येतंय. अगदी स्वच्छ.