इंजिन डिझेल पीत नव्हतं

अहो मिलिंदचे बाबा,

आज विहिरीवरचं इंजिन चालू झालं. हौद काठोकाठ भरला, वरून सांडला. आणि ज्याला चार शब्द सुनवायचे तो माणूस दीड वर्षापूर्वीच निघून गेलेला! बोलायचं कुणाला? कावळ्याला घास ठेवायचा नाही, असं तुम्हीच सगळ्या वस्तीला बजावून गेलात. मग निरोप पोचवायचा कसा? म्हणून हा कागद घेतला. अक्षरं तुम्हीच पाटीवर शिकवलेली आहेत. वाकडी आली तर मास्तरचा दोष.

रडायला लिहीत नाही. ते झालं तेव्हाच. भांडायला लिहिते.

तुम्ही गेल्यापासून पाऊस धड झालाच नाही. मधल्या काळात आपला लातूर जिल्हा झाला. आता उस्मानाबादला खेटे नकोत म्हणून गावात पेढे वाटले. मीही एक खाल्ला, गोड होता. टँकरचा अर्ज दिलाय, पाळी येईल तेव्हा येईल म्हणतात. जिल्हा नवा, पण पाणी त्याच जुन्या विहिरीत!

आणि त्या विहिरीचं काय झालंय ते ऐका. शिवारात पाणी उरलंय ते आपल्याच विहिरीच्या तळाला. वस्तीतल्या बायका पायऱ्या उतरून भरतात. खालच्या सात-आठ पायऱ्या ढासळल्यात, तिथं एका हातानं दगड धरायचा आणि दुसऱ्यानं घागर. माझे गुडघे गेले. मिलिंद लातूरला दाळमिलवर, आठवड्याला येतो. मग उतरायचं कुणी? विमलनं. तुमच्या सुनेला सातवा महिना लागलाय, अहो!

मागच्या बुधवारी तिचा पाय घसरला. घागर खाली गेली, ती वर राहिली. घागर दगडावर आपटत गेली तो आवाज मी काठावर उभी राहून ऐकला. विमल वर आली ती हसतच. म्हणाली, "आत्याबाई, घागरच गेली की, एवढं काय?" मी तिला शिव्या दिल्या. दुसरं काय देणार? त्याच दिवशी मिलिंदला निरोप धाडला, की नोकरी खड्ड्यात घाल पण इंजिनाचं काहीतरी कर.

जुनं इंजिन तुमच्या आजारपणातच जाम होऊन पडलं होतं. मिलिंदनं मुरुडहून दुसरं आणलं. वापरलेलंच, पण दुकानात चालवून दाखवलेलं. त्याची टाकी गंजून गळत होती, म्हणून टाकी तेवढी तुमचीच ठेवली. जुनं इंजिन उचललं, नवं बसवलं, तुमच्या टाकीची नळी त्याला जोडली. आता एक हँडल मारलं की झालं!

झालं कसलं! तीन दिवस हँडल मारून मिलिंदचे हात सोलून निघाले. इंजिन खोकलंसुद्धा नाही. मग मुरुडचा मिस्त्री बोलावला. त्यानं नोजल खोललं, फिल्टर नवा टाकला, मान हलवली.

"मावशी, डिझेलच येईना झालंय."

मग त्यानं बाटलीनं थोडं डिझेल नळीत ओतलं आणि हँडल मारलं. इंजिन दहा-बारा ठोके चाललं अन् गप्प झालं. पुन्हा ओतलं, पुन्हा दहा-बारा ठोके, पुन्हा गप्प.

"डिझेलचा पंप गेला," मिस्त्री म्हणाला. "खोलून लातूरला न्यावा लागंल. आठ दिस धरा."

आठ दिवस! म्हणजे विमलचं आठ दिवस उतरणं. ती तिथंच उभी होती, हातात रिकामी घागर घेऊन. पदर खोचला आणि विहिरीकडं निघाली. मला ते बघवेना.

मी म्हटलं, "थांब गं! आणि मिस्त्री, तूबी थांब. हातानं पाजलं तर पितंय न्हवं ते?"

"पितंय की."

"मग त्याचं तोंड बरं हाय, गळा बरा हाय. लेकरू उपाशी रडायलंय म्हणून लेकराचाच गळा खोलून लातूरला नेतोस व्हय रे? आधी आईच्या अंगावर दूध हाय का न्हाई ते बघ!"

"टाकी भरलेली हाय, मावशी."

"भरलीय, मग खाली का येईना?"

मिलिंद वैतागला. "आई, टाकीखालचा कॉक चालूच हाय की. बघ, मूठ नळीच्या सरळ रेषेत हाय. आल्यापासनं कुणी हातबी लावला न्हाई त्याला."

कुणी हात लावला नाही! तिथं माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

तुम्ही लावायचात. हँडल मारायच्या आधी टाकीखाली हात घालायचात आणि क्षणभर थांबायचात. सगळी वस्ती तुमची मस्करी करायची, "बावीस प्रतिज्ञा घेतलेला गडी टाकीच्या पाया पडतो!" मीही केली. तुम्ही नुसते मिशीत हसायचात. अहो, ज्या माणसानं मिलिंदच्या लग्नातलं बोहलंसुद्धा देवाच्या तसबिरीकडं पाठ करून मांडायला लावलं, तो पत्र्याच्या टाकीला नमस्कार करेल? इतकी वर्षं मला हा सवाल पडला नाही. कसली मी हुशार!

मी पुढं झाले, टाकीखाली हात घातला आणि कॉकची मूठ आडवी केली.

मिलिंद ओरडला, "आई, बंद करायलीस तू!"

"गप."

मिस्त्रीला म्हटलं, ढिला कर तुझा नळीतली हवा काढायचा स्क्रू. त्यानं माझी समजूत काढावी तसा ढिला केला. आधी फेस आला. मग बुडबुडे. मग स्वच्छ, अखंड धार! मिस्त्रीनं पेटती विडी घाईघाईनं लांब फेकली आणि माझ्याकडं बघतच राहिला. स्क्रू आवळला, हँडल मारलं. पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला काळा धूर सुटला आणि ते जे सुरू झालं, ते हौद भरल्यावर आम्हीच बंद केलं.

मिस्त्रीनं मग कॉक खोलून दाखवला. मूठ काढून पाव फेरा फिरवून बसवलेली. दिसते चालू तेव्हा बंद, दिसते बंद तेव्हा चालू. हे कुणाचं काम, हे मला सांगायला नको होतं.

आबारावसाठी केलंत ना? शेजारच्या रानाचा आबाराव! मागच्या मोठ्या दुष्काळात तुम्ही बाजारला गेलात की त्याचा गडी येऊन आपलं इंजिन चालवायचा आणि पाइप त्याच्या उसात सोडायचा. आपलं पाणी त्याच्या माठाला बाटवायचं, उसाला नाही बाटवायचं! तुम्ही तक्रार केली नाहीत, भांडला नाहीत. काय केलंत ते आज कळलं. पुढं त्याचा गडी हँडल मारून मारून घामानं भिजायचा आणि आबाराव म्हणायचा, "तुझं इंजिन तुलाच वळखतं रं." तुम्ही म्हणायचात, "लहरी हाय, मालक."

मी आज एकटीच बसून हसले. पोट दुखेपर्यंत हसले.

पण मिलिंदचे बाबा, आबारावला फसवलंत ते झकास केलंत. मला का नाही सांगितलंत? मी काय त्याच्या वरच्या आळीची होते? चाळीस वर्षं तुमच्या ताटात वाढलं, शेवटचे चार महिने तुमचं अंग पुसलं. तेव्हा तुम्ही किती काय काय बोललात! भाच्याला सायकल द्या म्हणालात, म्हशीला मिठाचं पाणी पाजा म्हणालात. टाकीचा कॉक उलटा आहे, एवढं एक वाक्य जिभेवर आलं नाही? तुमच्या एका गुपितापायी ती पोर पोटातल्या जिवासकट त्या ढासळलेल्या दगडांवरून उतरत होती.

जाऊ द्या. राग आहे, पण आज तो पोटभर पाणी पिऊन बसलाय. विमल दुपारी हौदाच्या काठावर पाय सोडून बसली होती. कुणाची धुणी नाहीत, भांडी नाहीत, नुसते पाय पाण्यात. वस्तीतल्या बायका रांगेनं भरत होत्या, ती त्यांना म्हणत होती, "सावकाश घ्या, लई हाय." तिच्या तोंडून "लई हाय" हे किती दिवसांनी ऐकलं!

तुमची मूठ मी मिस्त्रीकडून सरळ बसवून घेतली. राग आला तर येऊ द्या. आता आबाराव म्हातारा झालाय, त्याला हँडल उचलत नाही, आणि त्याच्या घरचेही आज दोन घागरी घेऊन हौदावर आले होते. मी भरू दिल्या. तुम्हीही भरू दिल्या असत्या, पण आधी थोडं ताटकळत ठेवलं असतं. मीही ठेवलं.

आणि एक कबूल करते. मलाही पुष्कळ गोष्टी एकटीलाच ठाऊक आहेत. विहिरीत कुठल्या कपारीतून झरा येतो, म्हैस कुठल्या हाताला पान्हा सोडते, बाळंतिणीला कुठला पाला चालत नाही. मी समजत होते, ठाऊक असण्यातच माझा मान आहे. आता नाही. विमल बाळंत होऊन उठली की एकेक करून सगळं तिच्या कानावर घालीन, आणि इंजिनाचं हँडल तिच्या हातात देईन. मी येईन तेव्हा रिकामी होऊन येईन. घरात कुणाला माझ्या हाताच्या खुणा आठवत बसायची पाळी आणणार नाही, हा शब्द.

तुमची,
गयाबाई