‘ग’ नसलेली गाणी

३ मार्च

पियानो आला. चार हमाल, जिन्याची दोन वळणं, एक शिवी. जिन्याची रुंदी मी आधीच मोजली होती. कठड्याच्या टोकावरचा लाकडी गोळा मोजला नव्हता. तो आता बाबांच्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

आत्या लहान घरात राहायला गेली, तिथे पियानो मावत नाही, म्हणून आमच्याकडे. दिलेला नाही — ठेवलेला आहे. अट तिने दारातच सांगितली, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत ताठ उभी राहून. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली आहे. ती सूचना देते तेव्हा बाबांचेही हात आपोआप सरळ होतात.

“एक गाणं. सोपं चालेल. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. एप्रिलअखेर मी येऊन ऐकेन. नाही जमलं तर हॉटेलवाला तयार आहे.”

हॉटेलवाल्याला तो दर्शनी भागात हवा आहे. त्यावर तो कुंड्या ठेवणार आहे.

दुसरी सूचना: आत हात घालायचा नाही. मधल्या सप्तकातला ग बिघडलेला आहे, तो तसाच राहू दे.

मला हा पियानो हवा आहे. कारण लिहीत नाही.

५ मार्च

ग दाबला की फक्त ठक्. तार वाजतच नाही. बाकीच्या पट्ट्या ठीक.

आई म्हणाली, “तू दिवसभर यंत्रंच तपासतेस ना, मग उघडून बघ की.”

आमच्या प्रयोगशाळेत दाबमापकं तपासायला येतात. सील असेल तर मालकाच्या सहीशिवाय उघडायचं नाही. आत्याची सूचना म्हणजे सीलच. आईला हे समजावलं. तिने भाजी चिरणं थांबवून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

८ मार्च

शिकवणी सुरू. मास्तर इस्त्रीवाल्याच्या दुकानावर राहतात, त्यामुळे त्यांच्या खोलीत सरगम आणि वाफ दोन्ही खालून-वरून चालू असतं. बाकीचे विद्यार्थी सात-आठ वर्षांचे. स्टूल माझ्यासाठी खाली करावं लागलं.

मी माझे निकष सांगितले. एक, गाण्यात मधला ग नको. दोन, हात एकाच जागी राहावा, पाच पट्ट्यांच्या आत. तीन, लय संथ.

मास्तर म्हणाले, “बाई, तुम्हाला सोपं गाणं हवंय की गाण्यातून सूट हवीय?”

त्यांनी मुलांचं पुस्तक पुढे केलं. मुखपृष्ठावर टोपी घातलेलं बदक.

१० मार्च

पुस्तक चाळून झालं. सोप्या गाण्यांचा सगळा जीव ग मध्येच असतो. बदक, पाऊस, चांदोबा, आजीचं घड्याळ — सगळे बाद.

निकषांत बसणारी गाणी दोन. एक आगगाडीचं. पूर्ण पानभर सा आणि रे, सा आणि रे. दुसऱ्याला नुसतंच ‘संध्याकाळ’ म्हटलंय. फार हळू आहे.

आगगाडी फोनवर आत्याला वाजवून दाखवली.

“हे गाणं नाही,” ती म्हणाली. “हा आवाज आहे.”

संध्याकाळ घेतली.

१७ मार्च

शेजारच्या काकू येऊन गेल्या. दारातच आवाज खाली आणून आईला विचारलं, “कोण गेलं हो?”

आई म्हणाली, “कुणी नाही. पियानो शिकतेय.”

काकू म्हणाल्या, “अगंबाई,” आणि तरीही चपला काढून पाच मिनिटं गप्प बसल्या.

१८ मार्च

बाबांनी संध्याकाळ बदलायची विनंती केली आहे. लेखी. फ्रिजवर चिकटवली.

२२ मार्च

मास्तरांनी दुसरं गाणं काढलं: सैनिक घरी येतात. चाल कवायतीची, आत्याला आवडेल अशी. पाच पट्ट्या, हात एका जागी. ग फक्त एकदाच येतो. दुर्दैवाने शेवटी.

म्हणजे सैनिक सगळा रस्ता नीट चालत येतात आणि घराच्या दारात — ठक्.

आई स्वयंपाकघरातून: “झालं, का राहिलंय अजून?”

मास्तरांना विचारलं, शेवटी ग ऐवजी रे चालेल का. म्हणाले, “चालेल. सैनिक शेजाऱ्यांच्या घरी जातील.”

२९ मार्च

जेवताना विषय निघाला. आई म्हणाली, “वन्सं काय सुंदर वाजवायच्या म्हणे.”

“कोण म्हणे?”

“सगळेच. लग्न ठरलं तेव्हा हेच पहिलं ऐकलं मी या घराबद्दल.”

“तू ऐकलंयस?”

“मी आले तेव्हा ती पट्टी बिघडलेली होती ना.”

बाबांना विचारलं. त्यांनी घास थांबवला. म्हणाले, आजोबांनी लिलावात घेतला पियानो, सगळ्या गावाला सांगत सुटले की माझी पोरगी वाजवते. एकदा आत्याच्या मुख्याध्यापिका घरी आल्या, म्हणाल्या, होऊन जाऊ दे. तेव्हा आत्याने सांगितलं की पट्टी बिघडलीय. आजोबा किती हळहळले.

“आणि त्याआधी कसं वाजवायची?”

“छानच.”

“ऐकलंयत तुम्ही?”

बाबांनी बराच विचार केला. “ऐकलं असेलच की,” म्हणाले आणि ताक मागितलं.

प्रत्यक्ष ऐकल्याची नोंद एकही नाही. इतकंच लिहून ठेवते.

२ एप्रिल

बाबांचा चष्मा पियानोत पडला.

ते म्हणतात, आपोआप पडला. मी ऑफिसात असताना वरचं झाकण उचलून आत डोकावताना आपोआप पडला. आई म्हणाली, “मला काही विचारू नकोस, मी पोळ्या करत होते.” दोघंही चेहरा अगदी सरळ ठेवून उभे.

आता उघडणं भाग होतं. टॉर्च लावली. चष्मा हातोड्यांच्या खाली होता, काढून दिला. आणि तसंच ग च्या हातोडीकडे पाहिलं.

काहीही बिघडलेलं नाही. हातोडी मागच्या लाकडाला बांधून ठेवली आहे. थोडी हलेल पण तारेपर्यंत पोचणार नाही, इतकीच ढील. दोन गाठी, दोन्ही एकसारख्या, टोकं बरोबरीने कापलेली. बांधलंय बुटाच्या लेसने. पांढऱ्या. कॅनव्हासच्या बुटांना असते ती.

झाकण लावलं. बाबा म्हणाले, “काय झालंय गं तिथे?”

“जुनं यंत्र आहे,” मी म्हणाले.

३ एप्रिल

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एक दाबमापक दोनदा तपासलं.

आत्याला वाजवता येत नाही. कधीच येत नव्हतं. सगळ्या शाळेला एका शिट्टीत रांगेत उभं करणारी बाई कुणी “वाजवा” म्हणालं की एका लेसमागे लपत आली.

हसू यायला हवं होतं. मग आठवलं, गेला महिनाभर कुठलंही अवघड गाणं समोर आलं की मी म्हणते — यात ग आहे.

६ एप्रिल

लेस सोडली. ग वाजवला. अपेक्षेपेक्षा मोठा, आणि इतरांपेक्षा स्वच्छ. इतकी वर्षं वापरलेलाच नाही.

आई पोळीचं लाटणं घेऊन दारात आली. “वाजला?”

“तात्पुरता.”

सैनिक घरी आले. आईने टाळ्या वाजवल्या, पीठ उडालं.

१९ एप्रिल

आता न थांबता येतं. मास्तर म्हणाले, “बदकाचं धरायचं का?” धरलं. बदक सोपं नाही. पण आवडतंय.

२५ एप्रिल

उद्या परीक्षा. आत्याचा फोन: तिच्या शाळेतल्या दोन बाई पण येणार आहेत. त्यांनाही तिचा पियानो एकदा बघायचाय. हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “तो ग तसाच आहे ना?” तिने विचारलं. मी म्हणाले, “तू सांगितलं होतंस, आत हात घालायचा नाही.” हे खोटं नाही. उत्तरही नाही.

आई खुशीत. “उद्या वन्संनाच वाजवायला लावू. आता पट्टी वाजतेय, सुटका नाही म्हणावं.”

तिला गप्प राहायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. “तुझं सगळंच गुप्त,” म्हणाली, पण कबूल झाली.

२६ एप्रिल

सकाळी सगळे उठायच्या आत लेस पुन्हा बांधली. माहीत होतं काय होणार. सैनिक दारात अडकणार, गाणं अपुरं राहणार, आणि पियानोवर कुंड्या. ‘संध्याकाळ’ आठवून पाहिली, बोटांनी ओळख दाखवली नाही. तरी बांधली.

दुपारी सगळे जमले. दोघी बाई, काकू, बाबा नव्या शर्टात. आत्या खुर्चीत न टेकता बसली.

वाजवलं. एकदाही अडखळले नाही. आणि शेवटी — ठक्.

आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी दूध उतू घालवलं.

“झालं?” आत्या.

“झालं.”

“शेवटचा स्वर?”

“ती पट्टी बिघडलेली आहे. मी स्वतः उघडून पाहिलं. दुरुस्त होण्यासारखी नाही.”

आजवर एकाही चुकीच्या अहवालावर सही केलेली नाही. आज तोंडी केली, सहा साक्षीदारांसमोर.

आत्याची नजर माझ्यावरून पियानोवर गेली, परत माझ्यावर आली. कानापर्यंत लाल झाली होती. एक बाई म्हणाल्या, “अरेरे, म्हणजे तुमचं ऐकायचं राहिलंच.”

“राहिलं,” आत्या म्हणाली. घसा साफ केला. “गाणं पूर्ण झालं असं धरते. हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवेन.”

मग बाबांना म्हणाली, “बाळ्या, पाणी आण.” बाबा पळाले.

आई अजून बोलत नाहीये. तिला वाटतं मी ऐनवेळी काहीतरी मोडलं. वाटू दे.

२८ एप्रिल

सकाळी आत्या आली, एकटीच. वरचं झाकण स्वतः उचललं, आत पाहिलं. “ही गाठ माझी नाही. ढिली आहे.” लेस सोडून खिशात घातली. मग स्टुलावर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर.

“दार लाव. आणि सगळ्यात सोपं कुठलं ते काढ.”

मी आगगाडीचं पान काढलं.