दीड किलो मीठ

मी, श्यामकांत रघुनाथ वाघचौरे, वय एकोणपन्नास, सरकारी नोकर, राहणार आर. के. पुरम, नवी दिल्ली, मूळचा चांदवड तालुक्यातला, लिहून ठेवतो की सन २००० च्या जून महिन्यात, निर्जला एकादशीच्या सकाळी, मी कोंबड्यांच्या खाद्याची एक चिमूट जिभेवर ठेवली नाही. त्याआधी पाच वर्षे दर मिश्रणाला मी ती ठेवत होतो. पुढे जे जीव गेले, जो डोळा गेला आणि जे शिक्षण अर्धवट राहिले, ते सर्व त्या सकाळपासून सुरू होते, म्हणून हे मृत्युपत्रही तिथूनच सुरू केले आहे. माझी प्रकृती ठीक आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. उलट, लिहू नये म्हणून घरात बराच आवाज झाला.

कलम १. फरीदाबादचे तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर स्वकष्टार्जित असून माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते पत्नी हेमलता हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिने तिथे राहावे किंवा भाड्याने द्यावे, तिला कोणी जाब विचारू नये. तिच्यानंतर घर विकून येणारी रक्कम कलम ५ मधील निधीत जावी. बँकेतल्या ठेवींपैकी अर्ध्या हेमलताच्या आणि अर्ध्या निधीच्या. देवघरातला बाळकृष्ण विकू नये.

कलम २. मुलगा जयंत यास माझी विमा पॉलिसी, स्कूटर आणि मनगटी घड्याळ द्यावे. त्याला यात अन्याय वाटतो. जेवताना म्हणाला, "बाबा, फ्लॅट मुर्गियों को? सीरियसली?"

मी म्हणालो, "मुर्गियों को नाही रे. त्यांच्यावर संशोधन करणाऱ्या मुलांना."

"अच्छा! मग बिल्कुल ठीक आहे!" त्याने ताट सरकवले. "एकोणीस साल झाली यार. कोण विचारतंय तुम्हाला?"

त्याचे खरे आहे. कोणी विचारत नाही. ज्याने विचारले त्याला मी फावड्याने मारले होते.

कलम ३. गावच्या जमिनीतला माझा हिस्सा थोरले बंधू विनायक यांना द्यावा, पण एका अटीवर. आमचे वडील गावच्या शाळेत मास्तर होते. वर्गात कोणी शंका विचारली की ते आधी चिंचेच्या छडीने मारायचे आणि मग उत्तर द्यायचे. मी त्यांचाच मुलगा असल्याने मला दोन छड्या जास्त मिळत. विनायकने ती छडी कपाटात जपून ठेवली आहे आणि खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावतो. दादा, ती छडी चुलीत घालावी आणि मगच सातबारावर नाव लावून घ्यावे. तुम्ही हसाल, पण ती छडी माझ्या हातात कुठवर आली होती, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ४. हे कलम देण्याघेण्याचे नाही. पण हे वाचल्याशिवाय कलम ५ कोणाला कळणार नाही.

मी ज्या कुक्कुट संशोधन केंद्रात आहे त्याचे नाव लिहीत नाही. चूक केंद्राची नव्हती, माझी होती. तिथे पद्मजा देव ही मुलगी कोंबड्यांच्या आहारावर पीएच.डी. करत होती. खाद्यातली प्रथिने कमी करूनही अंडी टिकतात का, हा तिचा विषय. बारा कप्पे, प्रत्येकात चाळीस, अशा चारशे ऐंशी कोंबड्या. शिष्यवृत्तीचे शेवटचे वर्ष होते. सर्वांसाठी मूळ मिश्रण एकच असे, त्यात ती आपले घटक नंतर मिसळायची.

मिश्रण धर्मपाल करायचा. रोजंदारीवरचा माणूस, बल्लभगडच्या पलीकडच्या गावचा. पाच क्विंटलचा ढीग तो फावड्याने तीनदा उलटायचा. मीठ मात्र कुलपातल्या कोठीत तोलून मीच आणून घालायचो, आणि ढीग तयार झाला की चिमूटभर चाखायचो. कार्याच्या घरी आई आमटीचे मीठ तसेच बघायची. एकादशीला धान्य तोंडात घालायचे नाही म्हणून त्या दिवशी मी मिश्रण ठेवायचोच नाही. त्या खेपेला खाद्य संपले होते, पुढे ढकलता आले नाही.

सकाळी मी दीड किलो मीठ तोलले, कापडी पिशवीत बांधले, आणि मंदिरात आरतीची वेळ झाली म्हणून पिशवी तराजूमागे ठेवून निघालो. परत आलो तेव्हा ढीग दोनदा उलटून झाला होता.

"साब, नमक पड़ गया?" धर्मपालने विचारले.

"हाँ, हाँ." मला खरेच तसे वाटत होते.

ढीग तयार झाल्यावर तो म्हणाला, "चख लो."

"आज एकादशी है," मी म्हणालो आणि वहीत सही केली.

मीठ न मिळालेली कोंबडी आधी दुसरीची पिसे उपटते. पिसाच्या मुळाशी रक्त असते. ते एकदा लागले की ती थांबत नाही. सहाव्या दिवशी पिसे दिसू लागली, त्याचा दोष आम्ही उन्हावर ढकलला. नवव्या सकाळी मी पहिल्या कप्प्याचे दार उघडले तर आत आवाज नव्हता. कोंबड्या कामात होत्या. एक अंडे घालायला बसली होती आणि तिघी मागून तिचे आतडे ओढत होत्या. ती उठत नव्हती, अंडे यायचे बाकी होते. बाराही कप्प्यांत तेच. त्रेसष्ट मेलेल्या मोजल्या. ज्या अर्ध्या खाल्लेल्या आणि जिवंत होत्या त्या पद्मजा धरून देत होती आणि मी माना पिरगळत होतो. दुपारपर्यंत आणखी एकशे अठरा. ज्या अंगठ्याने माळेचा मणी पुढे सरकवतो, त्याच अंगठ्याने. ती रडत नव्हती, फक्त दर कोंबडीला "सॉरी, सॉरी" म्हणत होती.

तेव्हा धर्मपाल मिश्रणाच्या ढिगाशी उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, "साब, नमक पड़ा था ना? आपने चखा था?"

त्याने आरोप केला नव्हता. नुसते विचारले होते. माझे हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले होते. मी त्याच्या हातातले फावडे ओढून घेतले आणि आडवे मारले. पात्याची कड डाव्या डोळ्यावर बसली. तो खाली बसला. मी पुन्हा मारले, खांद्यावर. तिसऱ्यांदा उचलले तेव्हा पद्मजाने मागून माझी मान आवळली, नाहीतर आज मी हे तुरुंगातून लिहीत असतो, किंवा लिहीत नसतो.

त्याला दवाखान्यात नेल्यावर मी कोठीत गेलो. तराजूमागे पिशवी होती, दोरा बांधलेला तसाच. मारले तेव्हा मला हे माहीत नव्हते. पण त्यानंतर माहीत होते. मी मीठ मोरीत ओतले, नळी लावून वाहून घालवले आणि पिशवी जाळली.

चौकशीच्या कागदावर लिहिले गेले की धर्मपाल मीठ घालायला विसरला, आणि घाबरून पळताना भरड्याच्या यंत्रावर पडला. धर्मपालला कोणी काही विचारले नाही. त्याचा डोळा गेला आणि रोजंदारीही गेली. मी सही केली, बाकीच्यांनीही केली. पद्मजाने केली नाही. "मैंने देखा है," एवढेच म्हणाली. तिचा प्रयोग पुन्हा लावून द्यायला मग कोणी तयार झाले नाही. शिष्यवृत्तीची मुदत वाढली नाही. ती गेली.

उरलेल्या दोनशे नव्याण्णव कोंबड्यांनी पुन्हा एकमेकींना खाऊ नये म्हणून त्यांच्या चोची छाटायचे ठरले. त्या मी छाटल्या. लाल झालेले पाते, त्यात घातलेली चोच, दोन सेकंद. जळलेल्या शिंगासारखा वास. त्या दिवसापासून मी एकही एकादशी मोडलेली नाही, आणि एकही मला पावलेली नाही.

कलम ५. वर सांगितलेल्या पैशांतून निधी करावा आणि त्यातून पशुवैद्यक विद्यापीठात कोंबड्यांच्या आहारावर पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावी. एकाचे काम संपले की दुसऱ्यास. विषय असा असावा की चोच न छाटता, केवळ खाद्याने, कोंबड्या एकमेकींना मारणे थांबवतील. अटी या: प्रयोगातले पक्षी मेले तरी शिष्यवृत्ती थांबवू नये, प्रयोग पुन्हा लावायला दोन वर्षे वाढवून द्यावी. विद्यार्थ्याने खाद्याची चव स्वतः घ्यावी, मग तिथी कोणतीही असो. खाद्य मिसळणाऱ्या माणसाचे नाव प्रबंधात यावे, आणि त्याने काही विचारले तर त्याला उत्तर द्यावे.

शिष्यवृत्तीस ~~धर्मपाल यांचे~~ कोणाचेही नाव देऊ नये. (खोडलेल्या जागी माझी सही आहे. कारण शेवटी.)

विद्यार्थी निवडण्याचा अधिकार पद्मजा देव यांचा. त्या करोल बागेत एका शाळेत जीवशास्त्र शिकवतात. मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर मी त्यांना जिन्यात गाठले आणि पिशवीची गोष्ट सांगितली. त्यांच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता. तो त्यांनी पायरीवर नीट ठेवला आणि मला थोबाडीत मारली. चष्मा दोन पायऱ्या खाली गेला.

"वाघचौरे," त्या म्हणाल्या, "चौकशीचा तो कागद मी सगळाच खोटा धरला. एकोणीस वर्षं मला वाटतंय की माझं सूत्र चुकलं. मी माझ्या हातानं त्या मारल्या असं वाटतंय. मीठ नव्हतं?"

"नव्हतं."

"धर्मपालला सांगितलंत?"

मी खाली उतरून चष्मा उचलला.

"मग माझ्याकडे काय आलात? आधी त्याच्याकडे जा. तोवर तुमच्या शिष्यवृत्तीला मी हात लावणार नाही."

घरी हेमलताला सांगितले की सगळे मृत्युपत्रात लिहून ठेवतो, मागाहून सर्वांना कळेल. ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, "मेल्यावर कबूल करायचं म्हणजे त्याचा उरलेला डोळा मिटायची वाट बघायची. बघा, तुमचं तुम्ही."

कलम ६. हत्यारे. पितळी तराजू जयंतला द्यावा. तो आणि चोच छाटण्याचे ते यंत्र पुढे केंद्राच्या भंगारात निघाले तेव्हा मी विकत घेतले, यंत्र माळ्यावर आहे. ते पहिल्या विद्यार्थ्यास द्यावे आणि त्याने ते अभ्यासाच्या टेबलावर ठेवावे. त्याचे काम साधले तर त्यानेच ते मोडावे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हेमलताने करावी. माझ्या तेराव्याला गोडधोड करावे, पण मीठ बेताने घालावे. हा विनोद आहे, हेमलता ओळखेल.

इथपर्यंत टाइप केलेले आहे. यापुढचे हाताने, आज, धर्मपाल यांच्या अंगणात बसून लिहीत आहे.

काल, बुधवारी, कलम ४ ची प्रत सही करून केंद्राच्या कार्यालयात दिली आणि पोच घेतली. नोकरीचे व्हायचे ते होवो. आज निर्जला एकादशी. शेजारचे राजाभाऊ साक्षीला म्हणून बरोबर आले. बल्लभगडपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो. धर्मपाल नांदेत म्हशींची सानी, म्हणजे आंबोण, कालवत होते. त्यांनी मला लगेच ओळखले. "आओ साब," म्हणाले आणि खाटेकडे हात केला. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले, हिंदीत, आरतीपासून मोरीपर्यंत. एकही शब्द वगळला नाही.

त्यांनी सानीने भरलेले हात झटकले. मग म्हणाले, "मतलब मैं नहीं भूला था."

"नहीं. तुम नहीं भूले थे."

"मैं भूला नहीं था," त्यांनी आत बघून मोठ्याने सांगितले. आत कोण होते मला दिसले नाही. "बीस साल घरवाली कहती रही, नमक भूल गया, आँख गँवा दी. सुनते-सुनते मैं भी मान बैठा था." आणि त्यांनी भिंतीला टेकवलेले फावडे उचलले.

राजाभाऊ ओरडले, "वाघचौरे, मृत्युपत्राला साक्षीदार लागतात, मुडदा नंतर! व्हा मागे!" मी मागे झालो नाही. चष्मा काढून खिशात ठेवला. फावडे माझ्या कानाच्या उंचीवर होते, त्यांचा चांगला डोळा माझ्यावर होता. मी मनात देवाचे नाव घ्यायला गेलो, ते आले नाही. मग फावडे खाली आले ते नांदेत. त्यांनी सानी एकदा उलटली, दोनदा, तीनदा. तळहातावर थोडी घेतली आणि माझ्या तोंडापुढे धरली.

"चखो."

भरडा होता, पेंड होती. मी जिभेवर घेतली आणि गिळली.

"नमक है?"

"कम है."

ते आत गेले, मीठ आणून नांदेत टाकले आणि पुन्हा हात पुढे केला. मी पुन्हा चाखले. "अब ठीक है," मी म्हणालो. म्हशीने तोंड घातले.

शिष्यवृत्तीला त्यांचे नाव द्यायचे वाचून दाखवले तेव्हा म्हणाले, "मेरे नाम की मुर्गी? पूरा गाँव हँसेगा. काटो इसे." मी खोडले. निधीतून काही घ्यायलाही त्यांनी नकार दिला. मी म्हणालो, मग काय देऊ? ते म्हणाले, "उस दिन मेरी गवाही किसी ने नहीं ली. आज लिखवा लो." राजाभाऊंनी त्यांना सर्व कलमे हिंदीत समजावून सांगितली. कलम ४ त्यांनी दोनदा ऐकले.

म्हणून हे कागद आता माझ्या मरणाची वाट पाहणार नाहीत. यात जे सांगायचे होते ते ज्याला सांगायचे होते त्याला आज सांगून झाले आहे.

(सही) श्यामकांत रघुनाथ वाघचौरे

आमच्या समक्ष, शुद्धीवर आणि राजीखुशीने सही केली:

१. (सही, हिंदीत) धर्मपाल, वय ६१, धंदा दूध. मी तेव्हाही तिथे होतो.

२. (सही) राजाभाऊ खांबेटे, निवृत्त, आर. के. पुरम.

ठिकाण: बल्लभगडजवळ, जिल्हा फरीदाबाद.
दिनांक: गुरुवार, १३ जून २०१९, ज्येष्ठ शुद्ध एकादशी. उपवास मोडला आहे.