वरातीत वाजलेलं मयताचं गीत

केडगाव,
ता. ४ जून १९४६

तीर्थरूप कृपादानमामा यांस,

तुमचा भाचा गिदोन याचा तुम्हाला आणि मामींना प्रभूमध्ये सलाम. वि. वि. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे जिवंत आहोत. सुखाचं पुढे लिहितो. मामींचे गुडघे कसे आहेत? दयाने मागे निरगुडीचा पाला पाठवला होता, तो मामींनी गुडघ्यांना बांधायचा सोडून शेळीला घातला असं कानावर आलं. तेव्हा शेळीचे गुडघे कसे आहेत तेही कळवावं. जामखेडला पाऊस झाला का, हे मी विचारत नाही. जामखेडच्या माणसाला जूनच्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारून कुणाचं भलं झालेलं नाही.

पत्रास कारण की, येत्या नाताळात मला तीस वर्षं पूर्ण होतील आणि मी अजून काहीही पास झालेलो नाही. तुमच्याच भागातल्या वाडीवर मी मिशनच्या शाळेत इतकी वर्षं पाढे शिकवले, तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. मुलंही विचारत नव्हती (त्यांना मीच विचारायचो). पण लढाई संपली, समुद्रापलीकडून येणारा पैसा आटला, आणि वरून हुकूम आला की ज्याच्याकडे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आहे त्याने खुर्चीवर बसावं, आणि ज्याच्याकडे नाही त्याने ती खुर्ची बैलगाडीत चढवून द्यावी. मी चढवून दिली आणि केडगावला बाबांकडे आलो. तेव्हापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय पास?" मामा, विशीतला माणूस "मॅट्रिक नापास" म्हणाला तर लोक म्हणतात, बसेल पुढच्या वर्षी. तिशीतला म्हणाला तर लोक त्याच्या बायकोकडे बघतात. दयाकडे इतके लोक बघून गेले की ती आता पाहुणा आला की आपण होऊनच सांगते, "नापास आहेत, बसा, चहा टाकते."

तेव्हा नवा धंदा शोधणं भाग होतं. पहिल्यांदा मी जामखेडच्या मोटारीवर कंडक्टर झालो. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार तुम्ही पाहिली आहे. चढ आला की उतारू उतरतात, ढकलतात आणि पुन्हा बसतात, आणि तिकीट मात्र बसल्याचं घेतात. हे सगळं मी चालवून घेतलं. पण लोक पुन्हा चढताना जी झुंबड करायचे ती काही मला बघवेना. मास्तरकीची खोड जात नाही. मी सगळ्यांना घाटात एका रांगेत उभं केलं, उंचीप्रमाणे लावलं, आणि शेवटी उभा असलेला म्हातारा रांगेतून हलतो म्हणून त्याला सुनावलं. (तो मोटारमालकाचा सासरा होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं, मोटार रिकामी आणि हलकी दिसली, एवढ्या सुखाची त्याला सवय नव्हती, आणि तो तसाच निघून गेला. मोटार गेली, रांग राहिली. त्या रांगेने परतीच्या वाटेवर मला काय काय म्हटलं ते मी प्रभुदास गुरुजींच्या मेव्हण्याला, म्हणजे तुम्हाला, लिहू शकत नाही.

मग मेहुणा दीना याच्या शिलाईच्या दुकानात बसलो. तिथे माझं बरं चाललं होतं, पण एक दिवस आसाराम म्हणून एक शेतकरी कार्डावर मोजून मिळणारं कंट्रोलचं कापड घेऊन आला. ते मिळवायला त्याने काय काय केलं ते तो सांगत होता, मी ऐकत होतो आणि ऐकता ऐकता कापत होतो. त्याच्या सदऱ्याला मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. दुसरं कापड आणायचं म्हटलं तर कंट्रोल. आसाराम गुणी माणूस, सदरा घालून गेला. परवा बाजारात भेटला तेव्हा उजवा हात कोपरात दुमडून, छातीशी धरून चालला होता. म्हणाला, "मास्तर, आता सवय झाली बगा. लोकान्ला वाटतंय मी सारखा रामराम करतुया." मला फार वाईट वाटलं. दीनाला माझ्यापेक्षा जास्त वाटलं, म्हणून त्याने मला दुसरं काहीतरी बघायला सांगितलं.

अशा वेळी छगन भेटला. छगन लष्करातून सुटून आला आहे. तिथे तो बँडात होता. त्याने चार माणसं जमवून लग्नाचा बँड काढला आणि त्याला पितळी कॉर्नेट फुंकणारा माणूस हवा होता. बोर्डिंगात असताना मिशनच्या साहेबांनी मला कॉर्नेटवर उपासनेची गीतं शिकवली होती, ते तुम्हाला आठवत असेल, कारण सुट्टीत मी तुमच्याकडे येऊन वाजवायचो आणि तुम्ही शेतावर जायचात. मामा, खरं सांगतो, त्या दिवशी छगनने कॉर्नेट हातात दिलं आणि बऱ्याच महिन्यांनी मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. कोट छावणीच्या लिलावातला, खाकी, लोकरीचा, आणि घालायचा भर वैशाखात. छगनने सगळे कोट लाल रंगवून घेतले. रंगाऱ्याने सांगितलं होतं, घाम लागू देऊ नका.

पण कोट घरात आला आणि बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरात या गोष्टीवर कुणी उघड बोलत नाही, पण तुम्हाला सगळं ठाऊक आहे. आजोबा गावच्या लग्नात हलगी वाजवायचे. बाबा मिशनच्या शाळेत गेले, मास्तर झाले, प्रभुदास गुरुजी झाले, आणि आईशी लग्न ठरलं तेव्हा ती हलगी त्यांनी तुमच्या हातात दिली आणि विंचरणा नदीच्या डोहात टाका म्हणून सांगितलं. तुम्ही ती टाकली की नाही, हे आमच्याकडे कधी कुणी विचारलं नाही. एका पिढीने खांद्यावरून उतरवलेलं तिसऱ्या पिढीने पुन्हा चढवलं, असं बाबांना वाटतं. मी म्हणतो, कॉर्नेट खांद्यावर घेत नाहीत, ओठाला लावतात. पण हे मी म्हणणार कुणाला?

मात्र बाबा बोलत नाहीत म्हणजे गप्प आहेत असं समजू नका. रोज तिन्हीसांजेला घरची प्रार्थना असते, आणि बाबा जे काही मला सांगायचं ते तिथे देवाला सांगतात. "हे दयाळू पित्या, या घरातलं एक कोकरू वाट चुकून वाजंत्र्यांच्या कळपात शिरलं आहे." मग माझी पाळी. मी म्हणतो, "हे प्रभू, त्या कोकराला दुसऱ्या कुठल्याच कळपाने घेतलं नाही, हे तू जाणतोस." बाबा एकदा प्रार्थना केली की पुन्हा करत नसत, पण हल्ली दोनदा करतात. "हे पित्या, आणि ज्याने विहिरीवरचा पोहरा नेला त्याला तो जागेवर ठेवण्याची सुबुद्धी दे." दया दोघांच्याही प्रार्थनेला "आमेन" म्हणते. मी तिला विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूची? तर म्हणाली, भाकरी गार होते आहे, त्या बाजूची.

आता मुख्य प्रकार. गेल्या आठवड्यात देवळाली प्रवऱ्याला गहिनीनाथ पाटलांच्या बन्सीचं लग्न होतं, आणि ते आमच्या बँडाला मिळालं. बागायतदार माणूस, मांडव एवढा की दुसऱ्या टोकाचा पाहुणा ओळखू येऊ नये. छगनला सिनेमाची गाणी येतात, लष्करी चाली येतात. वरात तो ओढणार आणि मी मागून सूर धरणार असं ठरलं होतं. पण दुपारी छगन पाटलांच्या गुऱ्हाळावर गरम काकवी खायला गेला. काकवी खाताना गांधीलमाशी ओठावर बसते हे जगाला ठाऊक आहे, लष्कराला नसावं. संध्याकाळी त्याचा खालचा ओठ असा सुजला की त्याला पाणीसुद्धा दयाळू माणसानेच पाजावं. नवरदेव घोड्यावर बसला, लोक उभे राहिले, आणि छगनने मला हाताने खूण केली, तू.

मामा, मला गीतांखेरीज काही येत नाही. एकूण एक गीतं. मी नाताळचं वाजवलं, लोक खूश झाले. कापणीच्या सणाचं वाजवलं, आणखी खूश. रविवारच्या शाळेतलं वाजवलं. वरात अजून मारुतीच्या देवळापाशीच होती आणि माझी आनंदाची गीतं संपली. (आपल्याकडे दुःखाची जास्त आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.) घामाने कोटाचा रंग उतरून मानेवरून खाली चालला होता. बायका म्हणत होत्या, "अगं बया, रगात!" काही सुचेना, आणि ओठांना जे सगळ्यात पाठ होतं ते बाहेर आलं. मयत उचलल्यावर दफनभूमीपर्यंत आपण जे गीत गातो, ते. मोठा ढोल मच्छिंद्रकडे होता. मच्छिंद्र नाथपंथी घरातला, त्याला ते गीत कशाचं हे काय ठाऊक? त्याने त्याला दुप्पट ठेका दिला. मी थांबायला बघत होतो, तो थांबू देईना. आणि मामा, लोक नाचायला लागले! म्हातारे फेटे उडवायला लागले. "लई झ्याक! पुन्यांदा होऊन जाऊ द्या, मास्तर!" घोडासुद्धा पाय उचलत होता. मी ते गीत घरापर्यंत पुन्हा पुन्हा वाजवलं.

एका माणसाला मात्र ते ओळखू आलं. राहुरीच्या मरियाबाई, त्या घरोघर शास्त्र वाचायला जातात त्या, वाटेवर उभ्या होत्या. त्यांनी सूर ऐकला, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि घोड्याच्या मागे खाली मान घालून रडत चालू लागल्या. बायकांना वाटलं ही नवरीकडची कुणी मावशी असावी, म्हणून त्याही पदर डोळ्यांना लावून मागे झाल्या. पुढे नाच, मागे रडं, मधे नवरदेव. पाटील म्हणाले, इतकी मायेची वरात गावात झाली नव्हती.

आणि आज दुपारी त्याच मरियाबाई केडगावला आमच्या दारात आल्या. बाबांचा हात धरला आणि म्हणाल्या, "गुरुजी, धीर धरा. घरातलं कोन गेलं? गिदोन परक्या गावात भर रस्त्यात गीत वाजवीत हुता, मला तवाच कळलं." मग बाबांनी त्यांना बसवून एकेक विचारलं आणि त्यांनी एकेक सांगितलं. मी कोठीघरात होतो. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि अंगणात जाऊन बसले ते अजून तिथेच आहेत.

मामा, मला आईच्या माघारी बाबांखेरीज वडील माणूस म्हणजे तुम्हीच. मला बँड सोडायचा नाही. तिसाव्या वर्षी एक गोष्ट अशी सापडली की जिच्यात मला कुणी "काय पास" विचारत नाही. पण बाबांचं बोलणं गमावून ती मला नको. तेव्हा शनिवारी कसंही करून या आणि त्यांची समजूत घाला. तिन्हीसांज होत आली आहे, दयाने कंदील लावला, आता प्रार्थनेला बसायचं आहे. माझं काय होईल ते होवो. मामींना सलाम, शेळीला पाला.

तुमचा आज्ञाधारक
गिदोन प्रभुदास

ता. क. बुधवार सकाळ. टपाल चुकलं म्हणून आणखी लिहितो. काल बाबा प्रार्थनेत इतका वेळ गप्प राहिले की दयाने मधेच एकदा "आमेन" म्हणून टाकलं. मग ते म्हणाले, "हे पित्या, माझा बाप लग्नात वाजवायचा. वाजवून झालं की त्याला मांडवाबाहेर उकिरड्याच्या अंगाला बसवायचे आणि भाकरी वरून टाकायचे. मी त्याच्या शेजारी बसलेलो आहे. याला कुठे बसवलं?" आणि थांबले. देव काही बोलेना, तेव्हा मलाच बोलावं लागलं. मी म्हणालो, "हे प्रभू, मांडवात बसवलं. शेवटच्या पंगतीला, कडेला, पण मांडवात. पत्रावळ होती. पाटलीणबाई चांगुणाबाईंनी लापशी स्वतः वाढली. हात जरा उंच धरून वाढली, पण वाढली. कोट अंगात होता म्हणून की काय, ते तुलाच ठाऊक." मग बाबांनी स्वतःच "आमेन" म्हटलं, डोळे उघडले, आणि देवाला मधे न घेता मला म्हणाले, "तिसऱ्या ओळीत तू सूर वर नेतोस. तिथे उतरायचं असतं. रोज मागच्या शेतात घोकतोस, मला काय ऐकू येत नाही? मयताचं असो की लग्नाचं, चूक ती चूक." मामा, मी तीस वर्षांचा घोडा, पण मला रडू आलं.

ता. क. दुसरं. तेव्हा समजूत घालायला येण्याचं कारण उरलं नाही. पण शनिवारी या मात्र, आणि रिकाम्या हाताने येऊ नका. आज चहा घेताना बाबांची बोटं बशीच्या काठावर चालली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कृपादानने ती डोहात टाकली नसेलच. चिक्कू माणूस आहे, निदान कडं तरी ठेवलं असेल. कातडं उंदरांनी खाल्लं असेल तर खाऊ दे, ते मी मढवतो." बाबांना हलगी मढवता येते, हे मला आज कळलं. ती कोण वाजवणार, हे मी विचारलं नाही.

ता. क. तिसरं. बुधवार रात्र. छगनकडे एक लाल कोट शिल्लक होता. दयाने तो आणला आहे आणि बाबांच्या मापाने बाह्या आखूड करायला बसली आहे. (एक डावी, एक उजवी. मी स्वतः तपासल्या.) बाबा खाटेवरून बघत आहेत आणि काही बोलत नाहीत. प्रार्थनेतसुद्धा नाही.