ब्याण्णव की चौऱ्याण्णव

१२ फेब्रुवारी

लिहीन लिहीन म्हणत टाळलं. आत्याने वही दिली त्या दिवशी पहिल्या पानावर मांजर काढलं, दुसऱ्यावर बोट, आणि मग वही गेली टेबलाच्या डगमगत्या पायाखाली. आज इंजिन ठेवायला टेबल सरकवलं तेव्हा सापडली. तर आता लिहितेच.

आत्याच्या व्हॅनचं इंजिन उघडलंय. मी उघडलंय! या जातीच्या इंजिनाला पाणी लागत नाही, नुसत्या वाऱ्यावर थंड होतं. "तुझ्यासारखंच. वाऱ्यावर," इति आत्या. मागच्या खेपेला घाटात अर्ध्यावरच ते दमलं आणि दुसऱ्या गाडीने व्हॅन ओढून खाली आणावी लागली.

घाटापलीकडे बाबा राहतात. आत्याचे धाकटे भाऊ. आधी मी कॉलेज सोडलं, मग रोपवाटिका, मग बोटी रंगवायचं काम — तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी. आत्याने फोनवर विचारलं, घेऊन येऊ का तिला? तर म्हणाले, "येऊ दे. पण एकदा तरी हातातलं पुरं करून येऊ दे."

हातातलं म्हणजे हे. इंजिन पुरं करायचं, आत्याला शेजारी बसवायचं, घाट चढायचा, बाबांचं दार वाजवायचं. बस्स.

१५ फेब्रुवारी

गल्लीच्या टोकाला लेथवाले काका आहेत. सगळे त्यांना शतांश म्हणतात. "थोडंसं" म्हटलं की वैतागतात — "थोडंसं म्हणजे किती? शतांशात बोल!" आज त्यांनी फळीवरून गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड उतरवलं. लांब झेपेचा क्रँकशाफ्ट! कुणीतरी करून घेतला आणि न्यायला आलाच नाही. यावर पिस्टनची धाव नऊ मिलिमीटरने वाढते. म्हणजे जास्त हवा ओढणार, चढावर जास्त जोर.

"मला?"

"नाही, मांजराला. ने! वर पोचलीस की फोन कर, एवढंच."

आभार मानायला शब्द जुळवत होते तोवर ते दुसऱ्या गिऱ्हाइकावर ओरडायला निघूनही गेले.

१७ फेब्रुवारी

आता या क्रँकला साजेसे पिस्टन-सिलिंडर निवडायचे. काकांनी खडूने फरशीवर दोन गोल काढले. बाहेरून दोन्ही सिलिंडर अगदी सारखे, इंजिनाच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या खोक्यात, काकांना तेवढंच भोक पाडावं लागणार. फरक आत. एकाची पोकळी ब्याण्णव मिलिमीटर, दुसऱ्याची चौऱ्याण्णव. पोकळी वाढली की भिंत पातळ.

"चौऱ्याण्णव घे," काका म्हणाले. "गाडी कशी गुरगुरते बघ!" त्यांचे डोळेच चमकले. माझेही. मोठं ते मोठं!

आत्याला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. "भिंत पातळ म्हणजे किती पातळ गं?" मी सांगितलं. पाच मिनिटांनी परत तेच विचारलं. शिवणाखेरीज कशात लक्ष नसतं बाईचं.

१८ फेब्रुवारी

ऑर्डर दिली. चौऱ्याण्णव. दुकानातली बाई फोनवर काहीतरी विचारत होती, पण खिडकीतून एक माणूस आख्खा आरसा डोक्यावर घेऊन जाताना दिसला — आरशात आकाश, आणि खाली दोन पाय! मी "हो हो, तेच द्या" म्हटलं.

१९ फेब्रुवारी

काही नाही. आरसा काढायचा प्रयत्न केला. जमला नाही.

२५ फेब्रुवारी

आले! मेणकागदातून काढले तर इतके गुळगुळीत की गालाला लावून बघितले. आत्याने पीठ मोजायच्या काट्यावर चौघा पिस्टनची वजनं केली. तिसरा जरासा जड. "प्रत्येक घरात असतो एक लाडावलेला," म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं.

२६ फेब्रुवारी

वाईट दिवस.

पक्कं बसवण्याआधी एक पिस्टन, एक सिलिंडर नुसते लावून क्रँक हाताने फिरवायचा, असा काकांचा नियम. फिरवला. पिस्टन वर आला… वर आला… आणि सिलिंडरच्या काठाबाहेर डोकं काढून उभा राहिला! तीन मिलिमीटर! वरचं झाकण, हेड, बसवलं असतं तर त्यावर धडकलाच असता.

काका आधी पोट धरून हसले. मग पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनवर बोट ठेवलं. "लांब झेपेला पिस्टन जास्त वर येतो, म्हणून पिनचं भोक वर असलेले पिस्टन लागतात. तू साधे मागवलेस. दुकानात विचारलं नव्हतं?"

विचारलं होतं की! आरसा जात होता तेव्हा.

खाली जाड चकत्या टाकून सिलिंडर उचलता येतात, पण मग इंजिन रुंद होतं, वारा वळवणारे पत्रे कुठेच बसत नाहीत. जुगाड. घाटात सुटणारा.

घरी येऊन बॅग भरली. खरंच भरली. सकाळच्या बसने दक्षिणेकडे, बोटींच्या कामावर परत. तिथे निदान रंग चुकला तर खरवडता येतो.

आत्या दारात येऊन उभी राहिली. बॅगेकडे बघितलंच नाही. म्हणाली, "पिन वर म्हणजे किती वर हवी?"

"साडेचार मिलिमीटर. तुला काय करायचंय?"

"विचारते नुसती." आणि फोन घेऊन जिन्यात गेली. रोज तिथे बसून कुण्या मैत्रिणीशी बोलते, तीच असणार.

मी बॅगेवरच बसून राहिले. इथे कुणी मला थांब म्हणत नाही, जा पण म्हणत नाही. साडेचार मिलिमीटर विचारतात. काय करावं अशा माणसांचं!

२७ फेब्रुवारी

बस गेली. मी दुकानाला फोन केला. आज खिडकीकडे पाठ करून.

बाई चांगली निघाली. "ओरखडा नसेल तर पाठव परत. दर महिन्याला कुणीतरी हीच चूक करतं. लांब क्रँक मिळाला की माणसाला पिनचा विसर पडतो." मी एकटी नाही तर! केवढं बरं वाटलं.

मग ती म्हणाली, "बदलतेच आहेस तर नीट सांग — गाडी पळवायचीय की लादायचीय?"

पुन्हा फोन करते म्हणून ठेवून दिला. हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "शिलाईत माया न ठेवता कापलेलं झंपर दिसतं झकास. पहिल्यांदा वाकलं की उसवतं." घाटात तासभर इंजिन वाकलेलंच असणार की! तापलं की पातळ भिंत वेडीवाकडी होते, पिस्टनवरच्या रिंगा सुटतात, तेल जळतं, आणि आत्या परत अर्ध्या घाटात दगडावर बसलेली.

ब्याण्णव. पिन वर. भिंत जाड. दुकानातल्या बाईला सांगून टाकलं. दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून.

काका हळहळले. "गुरगुरली असती…" मग हळूच, "बरोबर केलंस. मी नसतो घेऊ शकलो. मोह होतो मला."

६ मार्च

नवे आले. एक लावून फिरवला. पिस्टन वर आला आणि काठाच्या जरासा आत थांबला. काकांनी पट्टी आडवी धरली, खालून मापाची पाती सरकवली. "शतांशात सांगू?"

"सांगा!"

"जमलंय."

मला रडूच आलं. त्यांनी पुसायला चिंधी दिली, ती तेलाची. आत्या म्हणते दोन दिवस डोळ्याभोवती काळं राहणार.

८ मार्च

तीन बसले! केसच्या तोंडात फडकी कोंबून मगच पिनच्या क्लिपा — एक तरीही उडालीच, बशीत सापडली. काका रिंगा दाबून धरतात, मी वरून सिलिंडर सरकवते. एकटीचं काम नाही, चार हात लागतात. चौथ्याआधी त्यांना लेकीकडे जावं लागलं. परवा येतील.

आत्याला म्हटलं तू धर. "माझी बोटं आखडतात गं," म्हणाली, आणि गेली जिन्यात फोन घेऊन. मैत्रिणीला काय एवढं सांगायचं असतं!

मला नाही पळावंसं वाटत. लिहून ठेवते, उद्या विसरेन.

९ मार्च

बाबा आलेत!!

दुधाच्या गाडीतून. घाटाची वळणं सोसत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं खाली न उतरलेला माणूस. तोंड पांढरंफटक, भिंत धरून उभे होते. मी म्हटलं, "अजून पुरं नाही झालं, बाबा."

टेबलावरच्या चौथ्या सिलिंडरकडे बघत म्हणाले, "ब्याण्णवचे ना? जाड भिंतीचे?"

आत्या हातातला फोन पदराखाली लपवत घाईघाईने आत पळाली.

बाह्या दुमडतायत. विचारतायत, रिंगा कुठून धरायच्या. जाते.